संगणकाचा ताप आणि त्याचे मोजमाप

मनुष्याच्या अंगातील ताप अंशांनी मोजावा, ही गोष्ट आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे वय फारसे नाही असे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज वैद्याने सहा इंच लांबीचा, पाच मिनिटांत आकडा दाखविणारा तापमापक सिद्ध केला तो १८६७ च्या सुमारास. त्यापूर्वीचे उपकरण चांगले फूटभर लांब असे, आणि ते रोग्याच्या काखेत वीस मिनिटे धरून बसावे लागे. साहजिकच बहुतेक वैद्य स्वतःच्या तळहातावरच भिस्त ठेवीत. यंत्राच्या बाबतीतही प्रारंभी हाच प्रकार होता. कारखान्यातील जुना मिस्त्री फिरत्या यंत्रावर हात ठेवी आणि हात किती वेळ टिकतो यावरून त्याची प्रकृती सांगे. आज आपल्या घरोघर जो संगणक येऊन बसला आहे त्याच्या बाबतीत मात्र हात उपयोगी पडत नाही. कारण त्यातला जो भाग सर्वांत अधिक तापतो तो नखाएवढा असून धातूच्या ठोकळ्याखाली आणि पंख्याखाली दडलेला असतो. तेव्हा त्याचा ताप आणि त्याच्यावरील कामाचा भार दाखविणारे कार्यक्रम निघाले, आणि ते इतके निघाले की त्यांतून कोणता घ्यावा हाच प्रश्न होऊन बसला. या मोजमापाचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि निवडीविषयी त्यातून जे उघड होते तेही सांगावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, संगणकात जेवढी वीज शिरते तेवढी जवळजवळ सगळीच अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाण्याचा पंप वीज घेतो आणि पाणी वर चढवितो. संगणक वीज घेतो आणि उत्तर देतो, परंतु उत्तराला वजन नाही. म्हणून संगणकाला जितके काम अधिक तितका त्याचा ताप अधिक, हे अगदी स्वाभाविक होय. भार आणि ताप ही जोडी एकमेकींपासून तोडून पाहण्यासारखी नाही.

मी राहतो त्या कोयनानगरात ही जोडी समजावून देण्यास फार दूर जावे लागत नाही. येथील धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे नेले आहे, आणि चिपळूण तालुक्यात पोफळी येथे डोंगर कोरून केलेल्या भूमिगत वीजगृहात ते पेल्टन चक्रांवर पडते. पहिले जनित्र १९६२ मध्ये फिरू लागले. आज पहिल्या टप्प्यातील चार जनित्रे प्रत्येकी ७० मेगावॅटची आणि दुसऱ्यातील चार प्रत्येकी ८० मेगावॅटची आहेत. पुढचे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह धरले म्हणजे एकूण क्षमता १९६० मेगावॅट होते. अशा कोणत्याही मोठ्या जनित्रावर देखरेख करणाऱ्या माणसापुढे दोन निरनिराळ्या जातीचे आकडे असतात. एक भाराचा, म्हणजे या घटकेस यंत्र किती मेगावॅट देत आहे हा. आणि दुसरा तापाचा, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांचे व बेअरिंगांचे उष्णतामान किती हा. सायंकाळी गावोगाव दिवे लागले की भार चढतो आणि त्याच्यामागून तापही चढतो. त्यात भिण्यासारखे काही नसते. परंतु भार होता तेवढाच राहून ताप मात्र चढू लागला, तर तेलात, थंड करणाऱ्या पाण्यात किंवा आणखी कोठे तरी बिघाड आहे असे अनुभवी मनुष्य तत्काळ ओळखतो. नुसता तापाचा काटा पाहणारा नाहक घाबरतो आणि नुसता भाराचा पाहणारा गाफील राहतो.

भाराच्या हिशेबातही एक मेख आहे. ती म्हणजे कालावधीची. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ मध्ये कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिली, आणि ते वर्ष मोजावयाचे जूनपासून. एखाद्या सायंकाळी सर्व जनित्रे पूर्ण भाराने चालली म्हणून कोणी मर्यादा ओलांडली असे होत नाही. आणि वर्षभर मध्यम गतीने चालून ती ओलांडता येते. संगणकाच्या पडद्यावर "वापर शंभर टक्के" असा आकडा क्षणभर दिसताच ज्यांच्या छातीत धस्स होते, त्यांनी हा भेद लक्षात ठेवावा. क्षणाचा आकडा, मिनिटाची सरासरी आणि दिवसाची नोंद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंदीचे महत्त्व जगाला ज्या एका घटनेने पटवून दिले तीही येथलीच. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास कोयनेत भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ धरली जाते. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली, आणि कोयनानगरातील घरे ढासळली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, परंतु त्याच्या वरच्या भागात, जेथे मागील उतार एकदम बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा गेल्या. धरणाची रचना करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच शतांश एवढा धरलेला होता. त्या पहाटे धरणाच्या १-अ क्रमांकाच्या खंडातील भुयारी मार्गात बसविलेल्या उपकरणाने जो आलेख काढला त्यात धरणाच्या लांबीच्या दिशेने त्रेसष्ट शतांशांपर्यंत, आणि आडव्या दिशेने एकोणपन्नास शतांशांपर्यंत झटके नोंदले गेले.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. उपकरणाने नुसता सर्वांत मोठा आकडा दाखवून काटा थांबविला असता, तर तो आकडा वर्तमानपत्रात छापण्यापुरता उपयोगी पडला असता. परंतु त्याने सबंध हालचाल, क्षणामागून क्षण, कागदावर उतरविली होती. त्यामुळे पुढे काही वर्षांतच अमेरिकेत बर्कली येथे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आलेख संगणकात घालून, भेगा नेमक्या तेथेच का पडल्या याचे गणित मांडले. आजही धरणांच्या मजबुतीचे गणित करणारे नवे सॉफ्टवेअर तयार झाले की त्याची परीक्षा पुष्कळदा कोयनेच्या त्या आलेखावर घेतात. अबॅकस या नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण हे एक उदाहरण म्हणून दिलेले आहे. जे उपकरण संकटाच्या आधी बसविलेले होते आणि जे अखंड नोंद करीत होते, त्याचाच हा प्रताप. भूकंप झाल्यावर आणलेल्या उपकरणास त्या पहाटेचे काहीच सांगता आले नसते.

आता खुद्द संगणकाकडे वळू. फिलाडेल्फिया येथे १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० व्हाल्व होते. जुन्या रेडिओच्या पाठीमागे हात नेऊन ज्यांनी चटका घेतला असेल त्यांना एका व्हाल्वची ऊब ठाऊक आहे. येथे ते अठरा हजार, आणि सबंध यंत्राची विजेची भूक दीडशे किलोवॅटच्या आसपास. मोठमोठे पंखे लावून हवा खेळविलेली होतीच. शिवाय यंत्राच्या कपाटांत उष्णतामान ठरावीक मर्यादेवर गेले की वीज तोडणारी कळ बसविलेली होती. म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणक आणि त्याचा ताप पाहणारा पहारेकरी यांचा जन्म एकाच पाळण्यात झाला असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हा पहारेकरी मुका होता. तो वीज तोडी. ताप किती, केव्हापासून, कोणत्या कामाने, हे सांगत नसे.

आपल्याकडे पहिला संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र आपला संगणक स्वतः बांधला. त्याची लहान प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० व्हाल्व होते. मुंबईची दमट हवा आणि त्यात हे जळते व्हाल्व, अशा स्थितीत यंत्राची निगा राखणे म्हणजे केवढे काम असेल याची कल्पना समुद्रकाठी राहणाऱ्यांना चांगली येईल. त्या काळी तापाची काळजी ही खोलीची काळजी होती. खोली थंड तर यंत्र ठीक, असा सरळ हिशेब.

भाराचे मोजमाप निराळ्या वाटेने आले. एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली तेव्हा "आज यंत्र इतके सुस्त का?" हा प्रश्न उद्भवला. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी टेनेक्स नावाच्या प्रणालीत किती कामे रांगेत खोळंबली आहेत याची सरासरी दाखविण्याची सोय होती, आणि १९७३ मध्ये निरनिराळ्या ठिकाणच्या टेनेक्स यंत्रांच्या अशा सरासऱ्या प्रसिद्धही झाल्या होत्या. युनिक्स प्रणालीवरचा टॉप नावाचा कार्यक्रम १९८४ चा. कोणते काम किती वेळ खाते आहे याची उतरती यादी तो दाखवी. खादाड काम सर्वांत वर, म्हणूनच त्याचे नाव टॉप. विंडोज वापरणाऱ्यांच्या परिचयाचा टास्क मॅनेजर १९९६ च्या विंडोज एनटी ४.० बरोबर आला. यांतील एकाही साधनास तापाची खबर नव्हती.

वैयक्तिक संगणक आला तेव्हा त्याची गरजही नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ हा प्रोसेसर उघडाच बसविलेला असे. त्याच्या डोक्यावर ना धातूचा ठोकळा ना पंखा. पुढे वेग वाढत गेला, १९९३ मध्ये पेंटियम आला, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसविणे हा नियम झाला. पंखा आला म्हणजे पंखा बंद पडण्याचे भय आले. म्हणून मदरबोर्डवर उष्णतामान, विजेचा दाब आणि पंख्याचे फेरे मोजणाऱ्या छोट्या चिपा बसू लागल्या. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची एलएम ७८ ही त्यांतील नामांकित. लिनक्स वापरणाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास ज्या कार्यक्रमाची जुळणी केली त्याचे एलएम-सेन्सर्स हे नाव या चिपांवरूनच पडले. विंडोजवर त्या सुमारास मदरबोर्ड मॉनिटर आणि स्पीडफॅन यांचे राज्य होते. मदरबोर्ड मॉनिटर १९०४ मधील एखाद्या जुन्या नाटक मंडळीप्रमाणे मोठ्या लोकप्रियतेत असतानाच २००४ मध्ये बंद पडला, आणि त्याचे चाहते पुष्कळ दिवस हळहळत राहिले.

या पहिल्या पिढीच्या मोजमापात एक मोठे वैगुण्य होते. उष्णता मोजणारा कण प्रोसेसरमध्ये नसून त्याच्या बैठकीखाली, हवेत असे. काखेऐवजी अंगरख्याच्या बाहीत तापमापक ठेवावा तशातला प्रकार. दोन निरनिराळ्या बोर्डांवर तोच प्रोसेसर बसविला तर आकडे दहा-पंधरा अंशांनीही भिन्न येत. त्यानंतर मोजणारा डायोड प्रोसेसरच्या पोटातच बसू लागला. २००० च्या अखेरीस आलेल्या पेंटियम ४ मध्ये तर ताप अतोनात वाढल्यास प्रोसेसरने आपणच आपला वेग कमी करावा अशी योजना होती. टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने २००१ मध्ये चालू संगणकांवरचे ठोकळे आणि पंखे काढून घेऊन प्रयोग केला. पेंटियम ४ मंदावला पण जगला. एएमडीचे अॅथलॉन मात्र पाहता पाहता धूर काढून जळून गेले. त्या प्रयोगाची चित्रफीत जगभर फिरली, आणि ताप पाहणारा कार्यक्रम हवा ही भावना सामान्य ग्राहकांतही त्यानंतर पसरली.

२००६ पासून इंटेलच्या कोअर मालिकेत प्रत्येक गाभ्याला स्वतःचा मापक मिळाला. येथे एक मजेदार घोटाळा झाला, आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे, कारण निवडीच्या प्रश्नाचा सगळा जीव त्यात आहे. हा नवा मापक "माझे उष्णतामान साठ अंश" असे सांगत नाही. तो सांगतो, "मी माझ्या कमाल मर्यादेच्या इतके अंश खाली आहे." मर्यादा ठाऊक असेल तर वजाबाकी करून उष्णतामान काढावयाचे. परंतु कित्येक प्रोसेसरांची ती मर्यादा इंटेलने २००८ पर्यंत जाहीरच केली नव्हती. कार्यक्रम लिहिणाऱ्यांपैकी कोणी ती ८५ धरी, कोणी १००. परिणाम असा की, एकाच संगणकावर, एकाच क्षणी, एक कार्यक्रम पन्नास दाखवी तर दुसरा पासष्ट. आणि दोघांचीही वजाबाकी बरोबर! शिवाय यंत्र थंड असताना हा मापक फारसा अचूक नसतो, तो मर्यादेजवळ अचूक व्हावा अशीच त्याची घडण आहे, हेही पुष्कळांना उशिरा कळले. एएमडीच्या बाबतीत २०१७ मध्ये निराळाच प्रकार झाला. रायझन मालिकेतील काही प्रोसेसर, उदाहरणार्थ १८००-एक्स, पंख्याचे नियमन सोयीचे व्हावे म्हणून खऱ्या उष्णतामानात वीस अंश मिळवून आकडा देत. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांनी चांगल्या यंत्राला रोगी ठरविले. कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्यांनी ते वीस अंश वजा करावयास सुरुवात केली तेव्हा कोठे गलबला शमला.

यावरून उघड होते की, आकडा सुंदर रंगांत दाखविणारा कार्यक्रम चांगला असे म्हणता येत नाही. तो आकडा कोणत्या ठिकाणाहून घेतला, त्या वेळी भार किती होता, आणि मागची नोंद आहे किंवा नाही, या तीन गोष्टी ज्यातून कळतील तो चांगला. बोर्डावर काही मापकांच्या जागा रिकाम्या असतात. तेथून कित्येक कार्यक्रम १२७ अंशांसारखा अचाट आकडा आणून दाखवितात. पाणी शंभर अंशांवर उकळते हे शाळेत शिकलेला मनुष्य तो आकडा पाहून यंत्राची वीज तोडावयास धावतो. वस्तुतः तेथे मापकच नसतो.

आमच्या तालुक्यातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी घडलेली हकीकत सांगतो. संगणकखोलीतील एक यंत्र सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद पडे. विकणाऱ्या दुकानदाराने येऊन पाहिले आणि मदरबोर्ड गेला, नवा घ्यावा लागेल, असे सांगून काही हजारांचा अंदाज दिला. शाळेची वर्षाची शिल्लक त्या अंदाजात जाणार होती, आणि वाचनालयासाठी घ्यावयाची पुस्तके राहणार होती. कराडला शिकत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सुटीत येऊन त्या यंत्रावर नोंद ठेवणारा कार्यक्रम घातला आणि यंत्र बंद पडू दिले. पुन्हा सुरू करून नोंदीची फाईल उघडली, तो भार सारा वेळ पाच टक्क्यांच्या आसपास आणि ताप मात्र जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत चढत पंच्याण्णवावर गेलेला. काम नाही आणि ताप आहे! पेटी उघडली तेव्हा प्रोसेसरच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले आढळले. ते खरवडून काढले, ठोकळ्याखालचा वाळलेला लेप नवा लावला, आणि यंत्र पुढे कितीतरी दिवस चालले. दुकानदार अप्रामाणिक होता असे मी म्हणत नाही. त्याने तळहातावर भिस्त ठेवली, एवढेच.

आता निवडीसंबंधी. लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार एवढेच ज्यांचे काम आहे त्यांना स्वतंत्र कार्यक्रमाची बहुधा जरूरच नाही. विंडोजमधील टास्क मॅनेजर भाराची माहिती पुरेशी देतो, आणि २०२० पासून तो स्वतंत्र चित्रपत्राचे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे, उष्णतामानही दाखवितो. प्रोसेसरचा ताप पाहावयाचा असेल तर मात्र दुसरे साधन घ्यावे लागते. कोअर टेम्प हा आटोपशीर आहे. तो गाभ्यांचा ताप दाखवितो आणि फारसा पसारा मांडत नाही. एचडब्ल्यूमॉनिटर हा सरळ यादी देतो: आताचा आकडा, सर्वांत कमी, सर्वांत अधिक. नवशिक्यास तो बरा. एचडब्ल्यूइन्फो हा या सर्वांत विस्तृत. मापकांची नावे, घड्याळाचा वेग, विजेचा खर्च, तापामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी केला किंवा नाही, हे सारे तो सांगतो आणि फाईलमध्ये नोंदही ठेवतो. पहिल्या दर्शनी त्याचे आकडे पाहून डोळे फिरतात हे खरे. परंतु माझे मत विचाराल तर दुखणे शोधावयाचे असेल तेव्हा हाच घ्यावा आणि दुखणे सापडले की बंद करून ठेवावा. ज्यांना कार्यक्रमाची मूळ लिखावट उघडी असलेली आवडते त्यांच्यासाठी लिब्रे हार्डवेअर मॉनिटर आहे. आणि लिनक्सवाल्यांचे एलएम-सेन्सर्स तर घरचेच.

येथवरचा विचार अचूकतेचा झाला. त्याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. प्रोसेसरच्या पोटातील मापक वाचण्यासाठी कार्यक्रमाला प्रणालीच्या अगदी आतल्या दालनात प्रवेश लागतो. साध्या कार्यक्रमांना तेथे मज्जाव असतो. हा प्रवेश मिळवून देणारा विनरिंगझीरो नावाचा एक दुवा अनेक विनामूल्य कार्यक्रमांनी वर्षानुवर्षे वापरला. त्यातून दुष्ट कार्यक्रमही आत शिरू शकतो, असा दोष २०२० मध्ये रीतसर नोंदला गेला होता. तरीही वापर चालूच राहिला. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील संरक्षक कार्यक्रमाने तो दुवा धोकादायक म्हणून अडवावयास सुरुवात केली, आणि जगभर अनेकांचे ताप दाखविणारे व पंखे चालविणारे कार्यक्रम एकाएकी पांगळे झाले. काहींनी पॉनआयओ नावाच्या नव्या दुव्याचा आश्रय घेतला. म्हणजे पहारेकऱ्याच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देत असतो, हे त्या दिवशी लोकांना कळले. म्हणून असा कार्यक्रम मूळ कर्त्याच्या ठिकाणाहूनच घ्यावा. विनामूल्य वस्तू वाटणाऱ्या अनोळखी ठिकाणी त्याच नावाचे सोंग घेतलेले पुष्कळ भेटतात. आणि ज्याच्या नव्या आवृत्त्या निघणे बंद झाले आहे तो कितीही लाडका असला तरी नव्या यंत्रावर घालू नये. त्याला नव्या मापकांची भाषा कळत नाही.

मोठ्या यंत्रांची गोष्ट निराळी. पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेत बसलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रोसेसरवरून थेट द्रव खेळवून उष्णता काढून नेण्याची योजना आहे. तेथे ताप आणि भार पाहणे हे चोवीस तासांचे, पगारी माणसांचे काम. तथापि साठवणीच्या डिस्कांविषयी मोठ्यांच्या अनुभवातून घरच्यांना एक दिलासा मिळाला आहे. गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला; त्यात असे दिसले की, नेहमीच्या मर्यादेत उष्णतामान थोडे चढले म्हणून डिस्का अधिक बिघडतात असे नाही. अतिथंड ठेवलेल्याच काही अधिक बिघडल्या! तेव्हा डिस्क चाळीस अंशांवर दिसली म्हणून रात्रीची झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

तापाने मापकालाच घेरावे असा प्रसंग आमच्या परिसरात आला तोही या संदर्भात सांगितला पाहिजे. कोयनेच्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी धरणाच्या दक्षिणेस गोठणे येथे २०१६-१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. वरचा सव्वा किलोमीटर काळा दगड, आणि खाली ग्रॅनाइटी पाषाण. याची देखरेख करणारी प्रयोगशाळा कराडजवळ आहे. सहा किलोमीटर खोलीवर तेथे १३० ते १५० अंश सेल्सियस उष्णतामान असावे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. घरच्या संगणकाचा प्रोसेसर शंभराच्या आसपास आपले काम मंदावतो. खाली सोडावयाच्या उपकरणाला त्याहून वरच्या तापात नुसते जगावयाचे नसून अचूक वाचनही करावयाचे असते. अशी उपकरणे निवडताना पहिला प्रश्न "किती सूक्ष्म मोजते?" हा नसून "त्या ठिकाणी किती दिवस टिकते?" हा असतो.

शेवटी एक साधी सोय सांगतो. कोयनानगरात पावसाळ्यात काही मीटरांच्या हिशेबाने पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, आणि हवा गार असते. सांगलीकडे वैशाखात दुपारी खोलीतच चाळीस अंश असतात. खोलीची हवा दहा अंशांनी चढली की प्रोसेसरचाही आकडा साधारण तितकाच चढतो, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो. म्हणून यंत्र नवे व निरोगी असतानाच आषाढात एकदा, पौषात एकदा आणि वैशाखात एकदा, अशा तीन दिवशी, काही काम नसतानाचा आणि मुलांचा एखादा जड खेळ अर्धा तास चालल्यानंतरचा, असे दोन आकडे खोलीच्या उष्णतामानासह वहीत टिपून ठेवावे. कार्यक्रमाचे नाव आणि आवृत्तीही शेजारी लिहावी. पुढे कधी दुकानदार अंदाजपत्रक घेऊन आला तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येते.